बाळाबाईची अट

कळंबोलीच्या लोखंड बाजारात क्रेनवरून पत्र्यांचं बंडल सुटलं आणि खालचा हमाल हौसेराव जागीच गेला. चौकशीत क्रेनचालक उदयसिंह म्हणाला, "तो दारू प्यायला होता." हौसेराव माळकरी होता. "उदयसिंहाला तुरुंगात सडवीन," त्याची बायको बाळाबाई वर्षभर म्हणत राहिली. शेवटी युनियनच्या अरुणाताईंनी दोघांना समोरासमोर बसवलं. "निकाल मी देणार नाही," त्या म्हणाल्या. "बाळाबाई, यांच्याकडून नेमकं काय हवंय?" बाळाबाईनं उदयसिंहाकडं बोट दाखवलं. "यानं माझ्या धन्याला दारुडा ठरवलं. सगळ्या हमालांपुढं खरं सांगायचं." उदयसिंहानं मान खाली घातली. "वहिनी, माझी नोकरी जाईल." "जाऊ दे." दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो सगळ्यांपुढं उभा राहिला. "हौसेराव शुद्धीत होता. लीव्हर माझ्याच हातून सुटला." तो रडू लागला. बाळाबाई म्हणाली, "पुन्हा सांग. मागच्यांना ऐकू आलं नाही."