क्लचचं पेडल

रविवारी सकाळी सव्वासातला जीप अंगणात येऊन थांबली. नऊ वर्षं परसात सडलेली, कोंबड्यांनी अंडी घातलेली आबांची जीप शशिकलानं आपल्या गॅरेजात नेऊन, आठ महिने खपून चालती केली होती. तिनं हॉर्न वाजवून वडिलांना बाहेर बोलावलं.

आबांनी आत डोकावून पाहिलं आणि त्यांचा आवाज चढला. "क्लचचं पेडल कुठाय?"

"काढलं. गिअरशेजारी हा दांडा बसवलाय. क्लच आता हातानं दाबायचा."

"कुणाला विचारून?"

"विचारायचं काय त्यात? डावा पाय गुडघ्याखाली लाकडाचा, आबा! दाबणार कशानं?"

आबा लंगडत पण तरातरा आत गेले. खाटेखालची एक फळी आणून त्यांनी तिच्या पुढ्यात आपटली. फळीवर जाड स्प्रिंग ठोकलेली होती आणि तिच्यावरचं रबर दाबून दाबून फाटलं होतं.

"यानं! तू गाडी ओढून नेलीस त्या दिवसापासून रोज तीनशे वेळा दाबतोय. मोठी आली मला लंगडा ठरवणारी!"

"मग तोंडानं सांगायला काय झालं होतं?"

"तू सांगितलंस?"

दुपारी एकला जीप पुन्हा अंगणात आली. दांडा गेला होता, पेडल परत बसलं होतं. शशिकला इंजिन बंद न करता उतरली. आबा स्टिअरिंगमागे जाऊन बसले. त्यांनी तिला शेजारी बोलावलं नाही, आणि तिनं फाटक उघडलं नाही. इंजिन चालू आहे.