साहेबाचा ब्लोअर

पार्बताबाईनं डोक्यावरची टोपली शिपायाच्या पायाशी उलटी केली. वांगी त्याच्या बुटांवरून गडगडत गेली.

"घे, पाह्य. एकएक फोडून पाह्य. वांग्याच्या पोटात स्वराज सापडते का!"

उत्तमराव शिपाई ओशाळून हसला. "मावशी, हुकूम हाय. आमी तरी काय करावं?"

"हुकूम हाय, त भर आता टोपली."

आणि उत्तमरावानं खाली बसून टोपली भरली.

बेचाळीसची दिवाळी नुकतीच झाली होती. दर शनिवारी अकोल्यात सरकारविरुद्ध पत्रकं वाटली जात. ती छापली जातात अमरावतीत, एवढं पोलिसांना कळलं होतं. अकोल्याला पोचतात कशी, ते कळत नव्हतं. म्हणून बडनेऱ्याला स्टेशनात आगगाडीची, तर नाक्यावर सर्विस मोटार, बैलबंडी, टोपली, सगळ्यांची झडती होई. पार्बताबाईचा धाकटा मुलगा शेषराव असलंच एक पत्रक चौकात वाचताना पकडला गेला होता. तो तुरुंगात गेला, त्या दिवसापासून तिनं शिपायाला भिणं सोडून दिलं.

तेवढ्यात धुरळा उडवत एक लहानशी लाल मोटार आली. उघडी, दोनच माणसं बसतील एवढी. शिपायांनी धावत जाऊन आडवा बांबू वर केला, सलाम ठोकला. गाडी पोलिस साहेबाची होती. चालवत होता पार्बताबाईचा थोरला, भगवंत मिस्त्री.

त्यानं आईकडे पाहिलं. ती रस्त्याच्या कडेला थुंकली.

ही गाडी साहेबानं विलायतेला परतणाऱ्या एका गोऱ्याकडून घेतली होती. दिसायला देखणी, पण चिखलदऱ्याच्या घाटात धापा टाकायची. मडम शेजारी बसली की साहेबाला खाली उतरून ढकलावं लागे. मग त्यानं भगवंतला बोलावलं. धामणगावकडं एक लॉरी उलटली होती, तिचं इंजिन भगवंतनं या गाडीत बसवलं. त्यासाठी खालचा सांगाडा कापला, बैठक नव्यानं घडवली, रेडिएटर मोठा केला. गाडी उधळलेल्या गोऱ्ह्यासारखी पळू लागली.

तरी भगवंतचं समाधान झालं नाही. तोच साहेबाला म्हणाला, ब्लोअर बसवू. इंजिनात दाबून हवा भरली की ताकद दीडपट होते. महिनाभर खपून त्यानं रेडिएटरच्या पुढं, दोन चाकांच्या मधोमध, एक ओतीव पेटी बसवली. तिच्या तोंडाशी पट्ट्यावर फिरणारी पुली. क्लबात साहेब ती पेटी थोपटून सगळ्यांना दाखवी. झाकण मात्र कोणी उघडायचं नाही, असं भगवंतनं बजावलं होतं. आतल्या दात्यांत केसाएवढी फट. धुळीचा एक कण गेला की सगळं खलास.

लढाईपायी पेट्रोल मिळत नव्हतं. भगवंतला ते साहेबाकडून मिळे, वर गाडी फिरवायचा पासही. आठवड्याला काहीतरी फेरफार करायचा आणि मूर्तिजापूरवरून अकोल्यापर्यंत गाडी पळवून बघायची, हा त्याचा क्रम झाला. गावानं त्याच्याशी बोलणं टाकलं. पार्बताबाईनं घरच टाकलं. ती मळ्यातल्या खोपटात राहायला गेली.

एका सकाळी तो मळ्यात आला. ती मेथी खुडत होती.

"माय, घरी चाल."

"शेषराव सुटला का येईन."

"थंडीत इथं कावून राह्यतं?"

"तू कावून सायबाची गाडी पळवून राहिला? तुह्या भावाले ज्यानं बेड्या घातल्या, त्याच्या गाडीत जोर भरून राहिला तू!"

भगवंतनं खाली पडलेली मेथीची जुडी उचलून तिच्या टोपलीत ठेवली. मग म्हणाला, "मले इंजिनाचं काम येते, माय. मले येते ते मी करतो."

"मंग मले येते ते मी करीन."

शुक्रवारी दुपारी ती खांद्यावर कुदळ टाकून भरबाजारातून निघाली. कुणीतरी विचारलं, "कुठं, पार्बताबाई? वाफे खोदायले?"

"तण काढायले," ती म्हणाली आणि चालत राहिली.

भगवंतच्या कारखान्यात लाल गाडी उभी होती. राखणीला आज उत्तमराव होता, पण तो पलीकडच्या हॉटेलात चहा पीत बसला होता. भगवंतनं कुदळ पाहिली आणि हातातला पाना टाकला.

"माय, थांब. काच फोड. बॉनेट फोड. पण त्या पेटीवर नको. तुह्या पाया पडतो, तिथं नको!"

तिथं नको म्हणाला, म्हणून तिनं तिथंच कुदळ घातली. पहिल्या घावात पेटीला तडा गेला. दुसऱ्या घावात झाकण निखळून खाली पडलं.

तिसऱ्यासाठी उचललेली कुदळ तशीच राहिली. पार्बताबाई वाकली, पेटीत पाहिलं, मग पोराकडे पाहिलं. भगवंतचा चेहरा राखेसारखा झाला होता.

बाहेर बुटांचा आवाज आला. "काय फुटलं रे, मिस्त्री?"

पार्बताबाईनं कुदळ गाडीखाली सारली. पेटीला पाठ लावून ती जमिनीवर फतकल मारून बसली, पदर मागं पसरला आणि दोन्ही हातांनी ऊर बडवायला लागली.

"माह्यं नशीब फुटलं! असा सायबाचा गुलाम माह्या पोटी आला! याच्यापेक्षा धोंडा बरा होता व माय!"

उत्तमराव दारातच थबकला. "मावशी, लय तिखट हाय तुमची जबान."

"तू भी ऐकतं का? बस, तुह्यी भी पाळी हाय!"

तो हसत, मान हलवत चहाकडे परतला. तो दिसेनासा होईस्तोवर ती शिव्या घालत राहिली, आणि तोंड चालू असतानाच हात मागं नेऊन जमिनीवर पडलेले कागद चाचपून परत पेटीत सारत राहिली. त्या पेटीत दाते नव्हते, पाती नव्हती, ब्लोअर म्हणावं असं काहीच नव्हतं. उद्या अकोल्यात वाटायची पत्रकं तेवढी तिच्यात ठासून भरली होती.