भिंगरीचं उद्यापन

दिवेलागण झाली आणि भिंगरी पुन्हा धावत सुटली.

काळीपांढरी, सडसडीत बॉर्डर कोली कुत्री. सोयाबीन काढून रिकाम्या झालेल्या शेतात तिने मोठं रिंगण घेतलं. मग पोट जमिनीला लावून, नजर रोखून, कशाला तरी पुढे घालत ती हळूहळू वाडग्याकडे येऊ लागली. तिच्यापुढे काहीच नव्हतं. मेंढ्यांचं हे जुनं वाडगं म्हणजे दगडी कुंपण, आत वाळलेलं गवत आणि सताड उघडं लाकडी फाटक. फाटकाशी येऊन ती थांबली, घराकडे वळून बघत राहिली. कुणी आलं नाही. ती पुन्हा शेतात पळाली.

चार दिवस हेच चाललं होतं. तळपाय सोलून निघाले होते. भाकरीला तोंड लावत नव्हती.

"सकाळी भोकरदनचा पोल्ट्रीवाला येतोय हिला न्यायला," ओट्यावरून जगन्नाथराव म्हणाले. "साखळीला बांधली की बराबर गप बसंन."

"साखळीला ती मरेल हो," त्यांची बायको रजनी म्हणाली.

"मंग इथं काय करून राह्यली?"

रजनीने पुण्याला मुलाला फोन लावला. कुत्री त्याचीच.

"आई, मेंढ्या वळणारी जात आहे ती," पार्थ म्हणाला. "दमली म्हणून थांबायची नाही. काम संपलं, असं माणसाने सांगावं लागतं."

"कसं सांगू?"

"कळप आत गेला की फाटक लावायचं, बस्स."

फोन ठेवून रजनी क्षणभर देवापुढे बसली. सोमवारचा उपास होता. एकदा धरलेलं व्रत उद्यापन केल्याशिवाय सुटत नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं. मुक्या जिवाने धरलं म्हणून काय झालं? कुंकवाची कोयरी आणि एक उदबत्ती घेऊन ती वाडग्याकडे निघाली.

शेजारच्या आखाड्यावर, शेतातल्या घरात राहणारी चतुराबाई कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा भारा घेऊन बांधावरून चालली होती. ती थबकली.

"वैनी, फाटक लावून राह्यल्या का काय?"

"हो. भिंगरीचं उद्यापन करते."

"नका लावू. माझ्या साऱ्या मेंढ्या याच वाडग्यात रोगानं गेल्या. तव्हापासून म्या ते उघडंच ठेवलं. तुम्ही जागा घेतली तव्हाबी सांगितलं व्हतं, फाटकाला हात लावू नका म्हणून."

"आत कुणी नाही हो, चतुराबाई."

भिंगरी आली होती. जीभ लोंबत होती, मातीत तिच्या पंजांचे ओले लाल ठसे उमटत होते. ती रजनीकडे बघत होती.

रजनीने खांबाला कुंकू लावलं, दगडांच्या फटीत उदबत्ती खोचली. फाटक ओढलं, साखळी अडकवली.

"झालं गं बाळा. संपलं काम."

भिंगरी जागच्या जागी बसली. मान टाकली. थोड्या वेळाने उठली आणि लंगडत घराकडे गेली.

"रजनी!" ओट्यावरून आवाज आला. "अगं, खाऊन राह्यली ही! सगळी भाकर खाल्ली! त्या पोल्ट्रीवाल्याला नको म्हणून सांगतो आत्ताच."

रजनीचे डोळे भरून आले. हात अजून फाटकावरच होता.

फाटक आतून दाबलं गेलं. हलकेच, गुडघ्याच्या उंचीवर. मग शेजारी आणखी एकदा. साखळी ताणली. वारा बिलकुल नव्हता. उदबत्तीचा धूर सरळ वर जात होता.

तिला हात काढता येईना.

चतुराबाई फाटकाकडे बघतच नव्हती. ती रजनीच्या कुंकवाने माखलेल्या बोटाकडे बघत होती.

"उद्यापन कुठलं, वैनी? हे व्रत तर आता तुम्ही धरलं."

तिने भारा सावरला आणि चालू लागली. चार पावलांवरून, मागे न बघता, म्हणाली,

"पहाटं येऊन सोडा त्यांना. लई दिवसांच्या उपाशी हायेत."