गुरुवारचा ट्रक

"दहा म्हणजे दहा. आठ घेऊन सटकायचं नाही," कंडक्टरबाईंनी पेपरवाल्याला दारातच अडवलं.

"अहो, पण ही दोन शिवणकामाची आहेत."

"मग शिवायला शिका. चार आठवडे आहेत तुमच्या हातात."

पेपरवाला हसत ती दोन्ही पुस्तकं काखेत मारून गेला. बाईंनी तीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडली होती. रांग कशी हाकायची हे त्यांना शिकवायला नको होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी ग्रंथालय मित्र मंडळ हाती घेतलं. वाचनालयाला सभासद मिळवून द्यायचे आणि लोकांनी दिलेली जुनी पुस्तकं शनिवारी अंगणात मांडून विकायची, एवढंच मंडळाचं काम. आजवर ते बिनबोभाट चाललं होतं.

ही घाई सुरू झाली ती सोमवारी. ग्रंथपालांना मुख्य कार्यालयातून फोन आला. गुरुवारी अकराला ट्रक येईल, कपाटांच्या किल्ल्या तयार ठेवा. पलीकडच्या माणसाने पुढे काही विचारू न देता फोन ठेवला. त्याआधीच्या आठवड्यात एक जण टेप घेऊन आला होता आणि सगळी कपाटं मोजून गेला होता. कशाला मोजता, असं विचारलं तर म्हणाला, "वरून सांगितलंय."

ट्रक म्हणजे काय, ते बाईंना ठाऊक होतं. दोन महिन्यांपूर्वी नदीपलीकडचं वाचनालय असंच गेलं. ट्रक आला, पुस्तकं भरली, दाराला कुलूप लागलं. तिथल्या मंडळाची चिटणीस म्हणजे बाईंची सख्खी थोरली बहीण. तिने ट्रकवाल्यांना पाणी दिलं आणि किल्ल्या काढून त्यांच्या हातावर ठेवल्या.

"चहाही करायचास की," बाई तेव्हा फोनवर म्हणाल्या होत्या.

"आरडाओरड करून ट्रक थांबतो का गं?"

"किल्ल्या देऊन थांबला वाटतं."

तेव्हापासून दोघींचा अबोला.

सोमवारी संध्याकाळी मंडळ जमलं. जुन्या पुस्तकांचं टेबल सांभाळणारे शिंपीकाका म्हणाले, "निवेदन देऊ या."

"ताईनेही दिलं होतं. ते वाचलं असेल शिपायाने." बाई ग्रंथपालांकडे वळल्या. "मला एक सांगा. सभासदाने रीतसर घरी नेलेलं पुस्तक कुणाच्या बापाला ट्रकमध्ये घालता येतं का?"

ग्रंथपालांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "नियमाने नाही येत."

"एका सभासदाला किती पुस्तकं?"

"दहा. चार आठवड्यांसाठी."

कपाटांत चार हजारांच्या वर पुस्तकं होती आणि सभासद होते दोनशे सत्तर. शिंपीकाकांनी बोटांवर हिशेब केला आणि मान हलवली. "आणखी दीडशे माणसं? तीन दिवसांत?"

"बसमध्ये साठ जणांच्या जागेत शंभर बसवलेत मी," बाई म्हणाल्या. "लागा कामाला."

मंगळवारी सकाळीच अंगणात विक्रीचं टेबल लागलं. जुनं पुस्तक चाळायला जो थांबला तो सभासद होऊनच सुटला. न्हाव्याने दहा प्रवासवर्णनं नेली. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी कवितेचं अख्खं कपाट आपल्या घरच्यांच्या नावावर वाटून घेतलं. ज्यांना चालवत नव्हतं त्यांच्या घरी शिंपीकाका सायकलवरून गठ्ठे पोचवत होते.

"माझी नोकरी जाईल हो," ग्रंथपाल शिक्के मारता मारता म्हणाले.

"एकतरी नियम मोडलाय का?"

"नाही."

"मग ताठ बसा."

मधूनच बाईंचा फोन वाजायचा. ताईचा. दोन दिवसांत तीनदा वाजला.

"घ्या की," शिंपीकाका म्हणाले.

"कशाला? किल्ल्या कशा अदबीने द्यायच्या ते शिकवेल." बाईंनी फोन खणात ढकलला.

गुरुवारी साडेदहाला शेवटचं पुस्तक उरलं. पुठ्ठा निखळलेला नकाशांचा जाडजूड ग्रंथ. तो बाईंनी स्वतःच्या नावावर घेतला. मग सगळ्या कपाटांची दारं सताड उघडली. खोलीत पाऊल टाकलं तरी आवाज घुमत होता. बाईंनी उंबऱ्यात खुर्ची टाकली आणि पदर खोचून बसल्या.

अकराला ट्रक चढावर कण्हत आला. ड्रायव्हर हातात कागद घेऊन उतरला.

"किल्ल्या?"

"या घ्या. कपाटंही उघडीच आहेत. पण पुस्तक एकही मिळणार नाही. सगळी सभासदांच्या घरी आहेत. नोंदवहीत सह्या आहेत, बघायच्या तर बघा. आणि ट्रक वळवा."

ड्रायव्हरने आत डोकावून पाहिलं. "सगळी कपाटं रिकामी?"

"सगळी."

"पण न्यायला कोण आलंय, बाई? मी उतरवायला आलोय." त्याने कागद पुढे धरून वाचून दाखवला. "जागा असेल तेवढी पुस्तकं इथे उतरवावीत. अंदाजे दोन कपाटं. उरलेली कागद कारखान्यात लगद्याला द्यावीत."

ड्रायव्हरने ताडपत्री वर केली. गठ्ठ्यांवर गठ्ठे रचलेले होते आणि प्रत्येकावर नदीपलीकडच्या वाचनालयाचा शिक्का होता.

केबिनचं दुसरं दार उघडलं. ताई दांड्याला धरून सावकाश खाली उतरली. तिच्या हातात पुस्तकांची एक यादी होती, निम्म्याहून जास्त नावांवर काट मारलेली.

"दोन महिने मुख्य कार्यालयाच्या जिन्यावर ठाण मांडून बसले, तेव्हा तुझ्याकडची ही दोन कपाटांची जागा पदरात पडली," ती म्हणाली. "कोणती पुस्तकं वाचवायची ते विचारायला फोन करत होते तुला."

बाई खुर्चीवरून उठल्या. ताईने त्यांच्या खांद्यावरून आत पाहिलं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मग तिने यादी फाडली.

"सगळी उतरवा," ती ड्रायव्हरला म्हणाली.

"अहो, कागदावर दोनच कपाटं..."

"कागदावर 'जागा असेल तेवढी' असं लिहिलंय. वाचा नीट."