अपडेट की अ‍ॅप?

“म्हणजे आमची ही गेली ती अपडेटमुळे, की तुमच्या अ‍ॅपमुळे?” समोरच्या चष्मेवाल्या काकांनी शांतपणे विचारलं आणि पिशवीतून पट्टा काढून टेबलावर ठेवला.

प्रश्न ताईला होता. तिचं काम अ‍ॅप तपासायचं. ऑफिसात सगळेच तिला ताई म्हणत, कारण अ‍ॅप लिहिणारा तिचा सख्खा धाकटा भाऊ होता आणि त्याचं ऐकून बाकीच्यांना सवय लागली होती.

पट्टा छातीला बांधायचा. हृदयाचा ठोका चुकला की घरातल्या माणसाच्या फोनवर भोंगा वाजणार. समोरच्या पट्ट्याच्या बक्कलात एक लांब पांढरा केस अडकला होता, बारक्या खिडकीत हिरवा ठिपका होता, कापडाला अजून पावडरीचा वास येत होता. ताईला ते बघवेना. तिनं पट्टा खणात टाकला, कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये ठेवली.

“दुपारी जेवून मी आतल्या खोलीत पडलो,” चष्मेवाले सांगत होते. “फोन उशाशी. अडीच तास झोपलो. उठलो तर फोन गप्प, पडद्यावर काही नाही. आणि ही बाहेर तशीच. घरात आम्ही दोघंच हो.”

बाई गेल्या त्याच्या दोनच दिवस आधी त्यांच्या फोनची सिस्टिम आपोआप अपडेट झाली होती.

तक्रार आल्यापासून धाकट्यानं जेवण टाकलं. भोंग्याचा भाग त्यानंच लिहिलेला. “मीच मारलं तिला, ताई,” एवढंच म्हणायचा. ताईनं त्याला लहानपणी कडेवर खेळवलं होतं, आता त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

मालकांनी तर आधीच बजावलं. “उगाच अपडेटवर ढकलू नकोस. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतील लोक. अ‍ॅपची चूक निघाली तर धाकटा घरी बसेल, आणि पुढचं कोर्ट बघेल.”

या धंद्यात तक्रार खरी धरूनच काम सुरू होतं. ग्राहक म्हणाला वाजलं नाही, म्हणजे वाजलं नाही. का वाजलं नाही, घोडं कुठे पेंड खातंय, एवढंच शोधायचं.

ताईनं एकसारखे दोन फोन घेतले. एकावर जुनी सिस्टिम, दुसऱ्यावर नवी. दोन कोरे पट्टे घेतले आणि ठोका चुकवणारं यंत्र जोडलं. ठोका चुकला की पट्ट्याच्या खिडकीत लाल ठिपका, फोनवर भोंगा, पडद्यावर ‘आलो’ असं मोठं बटण. ते दाबलं की भोंगा बंद आणि लालचा हिरवा. लाल घालवायला दुसरा रस्ताच नव्हता. पट्टा सोडला तरी शेवटचा रंग तसाच राहायचा, म्हणजे मदतीला कुणी आलं होतं का, ते डॉक्टरला नंतर कळावं. ही धाकट्याचीच कल्पना.

चार दिवस दोन्ही फोन बोंबलत राहिले. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, “ताई, आता माझाच ठोका चुकेल.”

तिसऱ्या दिवशी चष्मेवाले चौकशीला आले होते. भोंगा झाला तसे मालक दचकले आणि चहा शर्टावर सांडला. चष्मेवाल्यांनी बोलता बोलता, फोनकडे न बघताच, अंगठ्यानं ‘आलो’ दाबलं.

“वर्षभराची सवय,” ते म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

पाचव्या दिवशी मीटिंग लांबली. दोन तास फोनना कुणाचा हात लागला नाही. ताई परत आली, ठोका चुकवला. जुना फोन किंचाळला. नवा गप्प. तिनं तो उचलला, उघडला. पडदा कोरा, बटणाचा पत्ता नाही. पट्ट्यावरचा लाल ठिपका तसाच.

तिनं नऊ वेळा तेच केलं. हातात असला की नवा फोन वाजायचा. दोन तास पडून राहिला की मुका. नवं अपडेट न हाताळलेल्या फोनमधली अ‍ॅप्स झोपवून टाकत होतं. चष्मेवाल्यांचं शब्द न् शब्द जुळत होतं.

ताईचा जीव भांड्यात पडला. तिनं अहवालावर सही केली. धाकटा त्या दुपारी दोन ताटं जेवला आणि मग डबा धुताना रडला. फोन पडून राहिला तरी वाजेल, अशी सोय त्यानं दुसऱ्याच दिवशी अ‍ॅपमध्ये केली.

चष्मेवाले निकाल ऐकायला आले. सगळं ऐकून त्यांनी मान हलवली.

“मला वाटलंच होतं. पोराला बोल लावू नका. त्यानं जीव ओतून केलंय.” मग म्हणाले, “सही झाली ना? म्हणजे हे प्रकरण मिटलं.”

“मिटलं, काका.” ताईला त्यांचे पाय धरावेसे वाटले. एवढं दुःख होऊन या माणसाच्या तोंडून वाकडा शब्द नव्हता.

“मग एक काम करा. आईला परवा माझ्याकडे आणतोय. तिचंही हृदय नाजूक. तिला सांभाळायला आता मी एकटाच. हिचा पट्टा पडून आहे, तोच द्या.”

“देते की.” ताईनं पर्समधून किल्ली काढून धाकट्याकडे दिली. “खणातला यांचा पट्टा काढ. फोन जोडून ‘आलो’ दाब, लाल घालव आणि यांना दे.”

धाकट्यानं खण उघडला. बक्कलातला पांढरा केस हळूच सोडवून कागदात ठेवला. मग पट्टा उजेडात धरून खिडकीत पाहिलं.

“कशाला दाबू, ताई?” तो म्हणाला. “हा तर हिरवाच आहे.”