उजवा हात भिंतीकडे

वेदीच्या मागे जागाच नव्हती. ओकची नक्षीदार वेदी पूर्वेच्या भिंतीला अशी भिडवली होती की मधून उदबत्तीची काडीसुद्धा गेली नसती. वासंतीबाईंनी एका अंगाने वाकून पाहिलं, मग दुसऱ्या. एवढं उंच छत, एवढ्या रंगीत काचा करणाऱ्यांना देवामागे हातभर वाट सोडायचं सुचू नये, याचा त्यांना मनापासून राग आला.

"काही हरवलं का?" बाकांना पॉलिश लावणाऱ्या ब्रीडाने विचारलं. या चर्चची झाडलोट तीच बघायची.

"राउंड," वासंतीबाईंनी हवेत बोट फिरवलं. "गॉडभोवती राउंड. फाइव्ह."

देवाबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. शिरतानाच पंख पसरलेला पितळी गरुड दिसला होता, पाठीवर उघडी पोथी घेतलेला. चपला दाराशी काढून त्यांनी त्याला आधी नमस्कार केला होता. तो देव नाही, बायबल वाचायचा स्टँड आहे, असं ब्रीडाने सांगितलं, पण केलेला नमस्कार काही त्यांनी मागे घेतला नाही.

सकाळी जवळच्या ड्रोहेडा शहरातल्या हॉस्पिटलात त्यांच्या लेकीला, योगिनीला ऑपरेशनसाठी आत नेलं होतं. पोटातली गाठ कसली आहे, ते उघडल्यावरच कळणार होतं. "आई, तुम्ही घरीच थांबा, मी फोन करतो," असं जावई सांगून गेला होता. पण घरात त्यांचा जीव थाऱ्यावर राहीना. या गावात देवाचं म्हणून हे एकच घर होतं.

हे सगळं त्यांनी जमेल तशा इंग्रजीत सांगितलं. ब्रीडाने पॉलिशचं फडकं खाली ठेवलं.

"मग बाहेरून फिर. पण मागे नेटलची खाजरी झुडपं माजलीत, पायांची नुसती आग होईल. माझे वेलीज घाल, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आहेत."

"गॉडभोवती शूज? नो."

मोज्यांवरच त्या दारातून बाहेर पडल्या आणि उजवीकडे वळल्या. भिंतीला जागोजाग दगडी टेकू दिलेले, प्रत्येकाला वळसा घालावा लागे. हीटिंगच्या तेलाच्या टाकीपाशी नेटल कमरेइतकी उंच. फोन मुठीत धरून, दोन्ही हातांनी निऱ्या उचलून त्या आत शिरल्या. पोटऱ्यांना इंगळ्या डसल्यासारखं झालं. त्या थांबल्या नाहीत.

दुसऱ्या फेरीला ब्रीडा कोयता घेऊन पुढे आली. सपासप नेटल कापत ती म्हणाली, "उजवा हात भिंतीकडे. तुला ठाऊक आहे की! आमची आई पवित्र विहिरीभोवती आम्हाला अशीच फिरवायची. आण तो फोन, मी धरते."

पाचव्या फेरीत, वेदीच्या भिंतीमागे त्या पोचल्या आणि फोन वाजला. स्क्रीनवर जावयाचा, सारंगचा फोटो.

वासंतीबाईंच्या हातातल्या निऱ्या सुटल्या. "दे!"

ब्रीडाने फोन पाठीमागे धरला. "अर्धी फेरी सोडायची नसते. आधी दार."

"माय डॉटर!"

"म्हणूनच."

वासंतीबाईंना तिचा संताप आला. क्षणभर वाटलं, हिच्या हातातून हिसकावून घ्यावा. पण बरोबर बोलत होती मेली. त्यांनी पदर खोचला आणि पाऊल उचललं. फोन वाजून बंद झाला, पुन्हा वाजू लागला. दक्षिणेच्या भिंतीला उन्हं आली होती. तरी त्या धावल्या नाहीत. एकेका टेकूला पुरता वळसा घालत दाराशी आल्या.

ब्रीडाने फोन त्यांच्या हातात ठेवला.

"बोला, सारंगराव," त्या म्हणाल्या. आवाज अजिबात कापला नाही.

ब्रीडा ऐकायला थांबली नाही. तिने कोयता दाराशी टेकवला, आपले वेलीज काढले आणि उजवीकडे वळून भिंतीच्या कडेने चालू लागली.