वैरी नंबर एक

"नाशकात पाणी कळतं ते दोघांनाच. एक गोदावरीला, दुसरं मला!" एकलहऱ्याच्या वीज केंद्रात तीस वर्षं बॉयलरचं पाणी सांभाळून निवृत्त झालेल्या खैरनारसाहेबांनी जाहीर केलं आणि नातीनं, हर्षालीनं, दिलेलं जिवंत प्रवाळ खाऱ्या पाण्याच्या टाकीत ठेवलं. सोबतची कॅल्शियमची बाटली त्यांनी मोरीत ओतली. बॉयलरच्या नळ्यांत थर धरणारा जन्माचा वैरी तो! चुना म्हणजेही कॅल्शियमच, म्हणून बायकोचा पानाचा डबासुद्धा दिवाणखान्यातून हद्दपार झाला.

महिन्याभरात प्रवाळ फिकं पडून मिटून बसलं. हर्षाली तर रविवारी बघायला येणार. साहेबांनी प्रवाळाच्या दुकानदाराला फोन लावला.

"काका, कॅल्शियम रोज घालताय ना?"

"छे! कणभर शिरू दिलं नाही."

"अहो, त्यानंच तर ते आपला सांगाडा बांधतं! पाण्याची अल्कलिनिटीपण, म्हणजे आम्ल झेलायची ताकद, तळाला गेली असणार. नवी बाटली यायला आठ दिवस लागतील. तोवर खायचा चुना पाण्यात कालवून वरची निवळी सोडा, थेंब थेंब."

साहेबांनी फोन ठेवला. मग रिकामी वाटी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"अगं, बोटभर चुना देतेस?"